परतीच्या वेळेचा रकाना : बिरसीची धावपट्टी आणि तिच्या काळातील लढाऊ वैमानिक

प्रास्ताविक

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याच्या पंचविशीनिमित्त येथील संस्थांचा इतिहास एकत्र करताना बिरसीच्या विमानतळाला मानाचे पान द्यावे लागते, कारण ही धावपट्टी वयाने जिल्ह्याहून जवळजवळ साठ वर्षांनी मोठी आहे. गोंदिया शहरापासून थोड्याच अंतरावर, कामठ्याच्या बाजूला, धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता एकदम मोकळ्या जागेत येतो आणि कुंपणापलीकडे सरळ रेषेत पसरलेली धावपट्टी दिसते. आज तिथे प्रवासी विमान उतरते आणि शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने घिरट्या घालतात. पण ती बांधली गेली ती युद्धासाठी.

विमाने उडवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी एक नोंदवही असते. विमानाचा क्रमांक, वैमानिकाचे नाव, उड्डाणाचे काम, निघण्याची वेळ आणि शेवटी परतीची वेळ, असे तिचे रकाने असतात. रोजच्या धावपळीत हा शेवटचा रकाना भरताना कुणी दोनदा विचार करत नाही. युद्धाच्या दिवसांत मात्र संध्याकाळी तोच रकाना आधी पाहिला जाई. तो रिकामा राहिला, की जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी राही आणि कुठल्या तरी गावी तार जाई.

बिरसीचा इतिहास लिहायचा तर धावपट्टीची लांबी, मालकीचे हस्तांतर आणि उद्घाटने यांची नोंद हवीच. त्याचबरोबर, ज्या युद्धाने ही धावपट्टी जन्माला घातली त्या युद्धातल्या आणि पुढच्या युद्धांतल्या लढाऊ वैमानिकांचे काय झाले, हेही याच पानांवर यायला हवे. म्हणून या लेखात धावपट्टीच्या जोडीने भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची आणि तिच्या वैमानिकांची हकीकत दशकवार दिली आहे.

१९३१ ते १९४० : पायाभरणी

भारतीय तरुण लढाऊ विमान चालवू शकतो का, हा प्रश्न ब्रिटिश अधिकारी अनेक वर्षे विचारत राहिले. वास्तविक त्याचे उत्तर पहिल्या महायुद्धातच मिळाले होते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर केंब्रिजमध्ये शिकले आणि १९१७ साली ब्रिटिश विमानदलात दाखल झाले. पुढच्या वर्षी २३व्या स्क्वाड्रनमधून डॉल्फिन जातीचे लढाऊ विमान घेऊन ते फ्रान्सच्या आघाडीवर लढत होते. जून १९१८च्या अखेरीस एका गस्तीवरून ते परतले नाहीत. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती सापडले आणि ३० जून रोजी युद्धकैदी असतानाच त्यांचा अंत झाला. मराठी मुलखातून निघालेल्या लढाऊ वैमानिकांच्या यादीत त्यांचे नाव पहिल्या ओळीत आहे. त्यांच्यानंतर चौदा वर्षे भारतीयांना स्वतःच्या हवाई दलाची वाट पाहावी लागली.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची कायदेशीर स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिच्याकडे होती चार वापिटी विमाने, इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला शिकून आलेले मोजके भारतीय अधिकारी आणि दोन डझनांच्या आत-बाहेर हवाई शिपाई. वापिटी हे दोन पंखांचे, उघड्या कॉकपिटचे, त्या काळीही जुनाट झालेले विमान. पहिल्याच वर्षी दोन तरुण अधिकारी, भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग, अपघातात गेले. पाचांपैकी दोन वैमानिक गेल्यावर ही स्क्वाड्रन टिकेल का, अशी शंका अनेकांनी बोलून दाखवली. पण ती टिकली. पुढे वझिरीस्तानच्या डोंगरांत तिने प्रत्यक्ष कामगिरी बजावली आणि १९३९ साली सुब्रोतो मुखर्जी यांच्या रूपाने तिला भारतीय प्रमुख मिळाला.

या उभारणीचे श्रेय केवळ वैमानिकांना देऊन चालणार नाही. लाहोरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले हरजिंदरसिंग अधिकारीपदाची वाट न पाहता साधे हवाई शिपाई म्हणून या स्क्वाड्रनमध्ये भरती झाले आणि पुढे एअर व्हाइस मार्शलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. त्यांच्यासारख्या हवाई शिपायांनी तेलकट हातांनी जुनी विमाने चालती ठेवली, म्हणून स्क्वाड्रन उडत राहिली.

याच दशकाच्या शेवटी, १९४० साली, बिरसीची धावपट्टी आखली गेली. युरोपात युद्ध पेटले होते आणि भारताच्या पोटात, किनाऱ्यापासून दूर, विमाने उतरवता येतील अशा जागा सरकार शोधत होते. गोंदिया त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्यात होते. मुंबई-हावडा मार्गावरचे जंक्शन आणि जबलपूरकडे जाणारा अरुंद रुळांचा फाटा यामुळे माणसे, इंधन आणि सामान पोहोचवणे सोपे होते. सपाट जमीन होती. त्या काळी देशभर असे तळ यंत्रांपेक्षा माणसांच्याच बळावर उभे राहिले. डोक्यावर पाटी आणि हातात घमेले घेतलेले हजारो स्त्री-पुरुष मजूर त्यासाठी राबले. इतिहासात ज्यांची नावे उतरली नाहीत अशा त्या सगळ्या हातांना या लेखातून आपला नमस्कार.

१९४१ ते १९५० : युद्धाचे दशक

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि आघाडी थेट ब्रह्मदेशात आली. जानेवारीच्या अखेरीस पहिल्या स्क्वाड्रनला तिकडे निघण्याचा हुकूम मिळाला. तिच्याकडे आता लायसँडर विमाने होती. मुंबईच्या नागरिकांनी वर्गणी काढून दिलेली ही विमाने नोव्हेंबर १९४१ मध्ये पेशावरला समारंभपूर्वक स्क्वाड्रनच्या स्वाधीन झाली होती. म्हणजे भारतीय वैमानिक जपान्यांवर गेले ते मुंबईकरांच्या पैशांतून आलेल्या विमानांत बसून. ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये.

लायसँडर हे लढाऊ विमान नव्हतेच. सैन्याच्या डोक्यावर संथ फिरून टेहळणी करायची, निरोप टाकायचे, यासाठी ते बनवलेले. जपानी लढाऊ विमानापेक्षा त्याचा वेग खूपच कमी. अशा विमानांचा ताफा घेऊन करुण कृष्ण मजुमदार, हवाई दलात ज्यांना सगळे ‘जंबो’ म्हणत, फेब्रुवारी १९४२च्या आरंभी ब्रह्मदेशातील टांगू येथे उतरले. लगेच जपानी विमानांनी टांगूवर बॉम्ब टाकले. मजुमदारांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचे ठरवले. हरजिंदरसिंग आणि त्यांच्या कारागिरांनी टेहळणीच्या या विमानाला हाती लागेल त्या सामानातून बॉम्ब अडकवण्याची सोय करून घेतली होती. अडीचशे पौंडांचे दोन बॉम्ब घेऊन स्क्वाड्रनमधून मजुमदार एकटेच निघाले. झाडांच्या शेंड्यांवरून उडत ते सयामच्या हद्दीतील मे हाँग सॉनच्या जपानी तळापर्यंत गेले आणि तिथल्या हँगरवर बॉम्ब टाकून परत आले. सोबतीला रक्षणासाठी दोनच बफेलो विमाने होती. दुसऱ्या दिवशी सगळी स्क्वाड्रन त्याच वाटेने गेली.

परतीचा रकाना त्या दिवशी भरला गेला. मजुमदारांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ (डीएफसी) मिळाला. या युद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते युरोपात गेले, १९४४ साली फ्रान्सवरच्या मोहिमांत उडाले आणि तोच सन्मान त्यांना दुसऱ्यांदा मिळाला. जपानी आणि जर्मन अशा दोन्ही शत्रूंच्या तोफांखालून हा माणूस सुखरूप आला आणि १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोरला, स्वतःच्याच देशात, हरिकेन विमानाच्या कसरती करताना कोसळून गेला. वैमानिकाचे नशीब युद्धाच्या नकाशावरच ठरते असे नाही, हे त्यांच्या मृत्यूने दाखवून दिले.

ब्रह्मदेश पडला. हवाई दलाला देशात तळ कमी पडू लागले आणि १९४२-४३ मध्ये शेकडो धावपट्ट्यांचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. बिरसी त्याआधीच तयार झालेली होती. कराचीपासून आसाम-मणिपूरपर्यंत पसरलेल्या या तळांच्या साखळीत मध्यभारतातील तळ ही मधली कडी होती. त्या साखळीच्या पूर्व टोकाला, इंफाळच्या खोऱ्यात, पहिल्या स्क्वाड्रनची खरी कसोटी लागली.

फेब्रुवारी १९४४ मध्ये अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली स्क्वाड्रन इंफाळला पोहोचली. आता तिच्याकडे हरिकेन विमाने होती. पंचविशीही न ओलांडलेला प्रमुख आणि त्याच्याहून लहान वैमानिक, अशी ती टोळी होती. मार्च महिन्यात जपानी सैन्याने चिंदविन नदी ओलांडली आणि महिनाअखेर इंफाळचा कोहिमाकडे जाणारा रस्ता तोडला. खोरे वेढले गेले. धान्य, दारूगोळा, औषधे, इंधन, सगळे विमानानेच येऊ लागले. या वेढ्याच्या काळातही पहिल्या स्क्वाड्रनने खोऱ्यात राहून उड्डाणे चालू ठेवली.

तिचे काम होते सैन्याचे डोळे होण्याचे. हरिकेन विमाने जोडीने निघत. पुढचा वैमानिक फक्त खाली पाही. पायवाटेवरचा ताजा चिखल, झाडीतून निघणारी धुराची बारीक रेघ, रात्रीतून नदीवर पडलेला बांबूचा पूल, एखाद्या गावात एरवीपेक्षा जास्त दिसणारी माणसे, हे सगळे त्याला टिपायचे असे. मागचा वैमानिक डावी-उजवीकडे झोके घेत आकाश पाहत राही आणि पुढच्याची पाठ सांभाळी. खालचे दिसावे म्हणून उडायचे झाडांच्या उंचीवर. तिथे बंदुकीची साधी गोळीही लागे आणि हवाई छत्री उघडायला पुरेशी उंचीच नसे. पावसाळा लागला की ढग डोंगरांना टेकत. खोऱ्यातून बाहेर पडलेल्या विमानाला परतताना आत शिरण्याची खिंड दिसेनाशी होई.

एका संध्याकाळी अर्जनसिंगांना इंफाळच्या अगदी जवळच्या टेकडीवर सैनिकांची हालचाल दिसली. आपलेच असतील असे प्रथम वाटले. पण तिथे आपले कुणी असण्याचा संभव नव्हता. त्यांनी उतरून खबर दिली आणि दिवस बुडायच्या आत खोऱ्यात उपलब्ध असतील तेवढी हरिकेन विमाने त्या टेकडीवर धाडली गेली. जपानी तुकडी तळाच्या तोंडाशी येऊन ठेपली होती. त्या संध्याकाळच्या एका नजरेने तळ वाचला. त्याच वर्षी लॉर्ड माउंटबॅटन यांनी इंफाळला येऊन अर्जनसिंगांच्या छातीवर डीएफसी लावला.

२२ जून १९४४ रोजी कोहिमाचा रस्ता पुन्हा उघडला. स्क्वाड्रन मात्र १९४५च्या वसंतापर्यंत आघाडीवरच राहिली. सुमारे चौदा महिन्यांत तिने साडेचार हजारांहून अधिक लढाऊ उड्डाणे केली. ब्रह्मदेश आघाडीवरच्या भारतीय स्क्वाड्रनमधले कितीतरी तरुण परत आले नाहीत. कुणी डोंगराला धडकले, कुणी ढगात वाट चुकले, कुणी गोळीने पडले. त्या जंगलात पडलेले विमान वरून दिसत नसे. बांबूचे बन काही आठवड्यांत त्यावर मिटून जाई. ज्यांची कबर सापडलीच नाही अशा चोवीस हजारांवर सैनिकांची आणि हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकाच्या खांबांवर कोरली आहेत. त्यांत भारतीय हवाई दलाची पोरेही आहेत. अंत्यसंस्कार नाही, पिंडदान कुठल्या तिथीला करायचे ते माहीत नाही, अशी घरे त्या वेळी भारतभर होती.

परतलेल्यांनी पुढचा हवाई दलाचा इतिहास घडवला. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर ब्रह्मदेश आघाडीवर लढले, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलाचे प्रमुख झाले. अर्जनसिंग १५ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावरून विमानांचे संचलन घेऊन गेले आणि पुढे हवाई दलाचे एकमेव मार्शल ठरले.

फाळणीत विमाने, सामान आणि माणसे वाटली गेली. पहिल्या स्क्वाड्रनच्या वाट्याला पाकिस्तान आले आणि भारतात तिचा क्रमांक काही काळ रिकामा राहिला. एकाच मेसमध्ये जेवलेले वैमानिक दोन देशांचे झाले. बिरसीवरही शांतता पसरली आणि धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या देखरेखीखाली आली.

१९५१ ते १९६० : पुनर्बांधणी

२६ जानेवारी १९५३ रोजी पंजाबातील हलवारा येथे पहिल्या स्क्वाड्रनचा क्रमांक पुन्हा जिवंत करण्यात आला. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५४ रोजी, तिचे एके काळचे प्रमुख सुब्रोतो मुखर्जी हे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

गोंदिया परिसरासाठीही हे दशक स्थित्यंतराचे होते. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. भात गिरण्या आणि विडी कारखाने यांनी गोंदियाची बाजारपेठ वाढवली. बिरसीच्या धावपट्टीवर अधूनमधून एखादे विमान उतरे. देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, फारसा निधी नसताना, तिला मोडू दिले नाही. हे काम दिसणारे नाही. पण त्यांनी ते केले नसते तर पुढचे काहीच शक्य झाले नसते.

१९६१ ते १९७० : सरगोध्याच्या वाटेवर

भारत-पाकिस्तान युद्धात ७ सप्टेंबर १९६५ रोजी पहाटे पहिल्या स्क्वाड्रनची मिस्टेअर विमाने आदमपूरहून पाकिस्तानच्या सरगोधा तळाकडे निघाली. अज्जमाडा बोपय्या देवय्या हे त्या दिवशी राखीव वैमानिक होते. कुणी मागे राहिले तर त्यांनी जागा घ्यायची, असे ठरले होते. ती जागा त्यांनी घेतली. परतीच्या वाटेवर त्यांच्या विमानाला पाकिस्तानच्या स्टारफायटरने गाठले. हे आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान. देवय्यांचे मिस्टेअर त्याच्यापुढे कितीतरी संथ. विमानाला मार बसला होता, तरी देवय्यांनी पळ न काढता वळून झुंज दिली आणि स्टारफायटर पाडले. त्याचा वैमानिक छत्रीने उतरला. देवय्या मात्र परत आले नाहीत.

आपल्याकडे इतकेच समजले की एक विमान परतले नाही. खरी हकीकत कळायला कित्येक वर्षे गेली. एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाविषयी लिहिलेल्या पुस्तकातून ती झुंज उजेडात आली, जुने सहकारी आणि अधिकारी यांनी पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले. ते स्वीकारायला त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. १९६५च्या युद्धात हा सन्मान मरणोत्तर मिळालेले ते हवाई दलातील एकमेव अधिकारी.

१९७१ ते १९८० : तुरुंगाची भिंत आणि न आलेली बातमी

१९७१च्या युद्धात पहिली स्क्वाड्रन मिग-२१ विमाने घेऊन लढली. पण या युद्धातील दोन मराठी वैमानिकांची कहाणी आपल्या घरांच्या अधिक जवळची आहे. दोघेही सुखोई-७ चालवणारे.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर हे २६व्या स्क्वाड्रनचे. १० डिसेंबर रोजी लाहोरच्या बाजूला त्यांचे विमान पडले आणि ते कैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी पहिल्या दिवसापासून सुटकेचाच ध्यास घेतला. हाती लागेल त्या वस्तूने कोठडीची भिंत रोज थोडी थोडी पोखरायची, निघालेला चुरा दडवायचा, पहारेकऱ्याच्या पावलांचा अंदाज घ्यायचा, असे आठवडेच्या आठवडे चालले. इतर कैदी आवाज झाकण्यासाठी आणि पहारा पाहण्यासाठी मदत करत. १२ ऑगस्ट १९७२च्या रात्री परुळकर, मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी तिघे बाहेर पडले. बसने पेशावर, तिथून टांगा आणि मिळेल ते वाहन करत ते लंडी कोतलपर्यंत गेले. अफगाण सरहद्द अवघ्या काही मैलांवर होती. त्यांनी लंडी खाना या ठिकाणाची चौकशी केली. जुन्या नकाशावर ते रेल्वेस्थानक होते, पण ते १९३२ मध्येच बंद झाले होते. तिथला माणूस त्याचे नाव घेत नसे. त्या एका प्रश्नाने संशय आला आणि तिघे पुन्हा पकडले गेले. डिसेंबर १९७२ मध्ये सगळे युद्धकैदी वाघ्याच्या सीमेवरून मायदेशी आले. त्यांचा रकाना वर्षभर उशिरा का होईना, भरला.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचा रकाना भरला नाही. ३२व्या स्क्वाड्रनचे तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोडच्या पाकिस्तानी तळावर हल्ला करायला गेले. त्यानंतर पकडलेल्या भारतीय वैमानिकांची जी नावे पाकिस्तानात छापून आली, त्यांत ‘टॉम्बे’ असे एक नाव होते. कैदी परतले त्या दिवशी मात्र ते आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य पतीच्या शोधात गेले. त्या युद्धात बेपत्ता झालेल्या ज्या ५४ जणांचा प्रश्न देशात वारंवार उपस्थित होत आला, त्यांत तांबे आहेत. आकड्यात लिहिले की ५४ लहान वाटतात. एका घराने पन्नास वर्षे दाराकडे पाहिले, असे म्हटले की त्याचे वजन कळते.

१९८१ ते १९९० : नव्या विमानांचे दशक

१९८६ मध्ये पहिल्या स्क्वाड्रनकडे मिराज-२००० विमाने आली आणि ग्वाल्हेर हे तिचे घर झाले. चार वापिटींनी सुरू झालेली ही संस्था जगातील उत्तम लढाऊ विमानांपैकी एक चालवू लागली. बिरसीत याच काळात विमानतळाच्या विकासाची मागणी लोकप्रतिनिधी, व्यापारी आणि शिक्षणक्षेत्रातील मंडळींनी एकमुखाने लावून धरली.

१९९१ ते २००० : जिल्ह्याचा जन्म

ऑगस्ट १९९८ मध्ये बिरसीचा ताबा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आला. आठ-नऊ महिन्यांनी, १ मे १९९९ रोजी, गोंदिया जिल्हा जन्मला. त्याच मे महिन्यात कारगिलचे युद्ध पेटले. २६ मे रोजी हवाई दल मैदानात उतरले. दुसऱ्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना विमान सोडावे लागले. त्यांचा माग काढत राहिलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा स्वतः क्षेपणास्त्राच्या माऱ्यात सापडले. नचिकेता आठवडाभराने परत आले. आहुजांचे पार्थिव आले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र देण्यात आले. सहकारी कुठे पडला हे पाहिल्याशिवाय परतायचे नाही, ही इंफाळच्या जोडीतल्या मागच्या वैमानिकाची रीत पंचावन्न वर्षांनीही तशीच होती.

२००१ ते २०१० : प्रशिक्षणाचे केंद्र

जानेवारी २००६ पासून भारतीय विमानतळ प्राधिकरणाने बिरसीचा कारभार हाती घेतला. जुनी धावपट्टी वाढवून सुमारे २,३०० मीटर करण्यात आली, त्यामुळे मोठी प्रवासी विमाने उतरणे शक्य झाले. विस्तारासाठी परिसरातील गावकऱ्यांनी जमिनी दिल्या. पुनर्वसनाचे प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिले. त्या कुटुंबांच्या त्यागावर आजचा विमानतळ उभा आहे, याची कृतज्ञ नोंद इथे केलीच पाहिजे.

याच दशकात प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई ही कंपनी यांच्या सहकार्याने नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट बिरसीत सुरू झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले-मुली वैमानिक होण्यासाठी गोंदियाला येऊ लागली. युद्धासाठी बांधलेल्या जागेला विद्येचे रूप आले.

२०११ ते आजपर्यंत

१३ मार्च २०२२ रोजी बिरसीहून इंदूर आणि हैदराबादसाठी प्रवासी सेवा सुरू झाली. काही काळाच्या खंडानंतर डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबाद-तिरुपतीची सेवा सुरू झाली. ऐंशी वर्षांच्या प्रतीक्षेनंतर गोंदियाचा सामान्य माणूस आपल्याच धावपट्टीवरून विमानात बसला.

सकाळी विमानतळाजवळ उभे राहिले तर दोन उड्डाणे एकत्र दिसतात. परसवाड्याच्या तलावाकडून सारसांची जोडी बांध्यांवरून संथ जाते आणि वर प्रशिक्षणाचे छोटे विमान धावपट्टीला वळसा घालून पुन्हा उतरायला येते. चाके टेकतात, विमान न थांबता पुन्हा उठते. हाच सराव दिवसात किती वेळा, याची मोजदाद नोंदवहीत होत असते.

१८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक तरुणी, दोघांचाही मृत्यू झाला. त्या दिवशी युद्ध नव्हते, शत्रू नव्हता. तरीही बिरसीच्या वहीतला एक रकाना रिकामा राहिला. १९३३ मध्ये कराचीत, १९४५ मध्ये लाहोरला जे घडले, ते आपल्या अंगणात घडले. आकाशात जाणाऱ्या प्रत्येकाने पत्करलेली जोखीम त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याला समजली.

समारोप

बिरसीची वाटचाल ही एका माणसाची किंवा एका कार्यालयाची नाही. डोक्यावर माती वाहिलेले मजूर, जमीन देणारी कुटुंबे, धावपट्टी सांभाळणारे बांधकाम खात्याचे कर्मचारी, प्राधिकरणाचे अधिकारी, प्रशिक्षक, तंत्रज्ञ, अग्निशमन दलाचे जवान, पाठपुरावा करणारे लोकप्रतिनिधी आणि नागरिक, या सर्वांची ती सामूहिक कमाई आहे.

आता एक काम राहिले आहे. ज्या युद्धाने ही धावपट्टी दिली, त्या युद्धातल्या आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या वैमानिकांची नावे बिरसीत कुठेतरी वाचायला मिळावीत. वेलिणकर, मजुमदार, देवय्या, तांबे, आहुजा, आणि त्यांच्यासोबत मार्च २०२३ मध्ये इथूनच निघून न परतलेले दोघे. त्यासाठी भव्य स्मारकाची गरज नाही. प्रवासी येतात-जातात आणि शिकाऊ मुले उड्डाणाला निघतात त्या वाटेवर एक साधा फलक पुरे. त्यावर नाव, उड्डाणाची तारीख आणि ठिकाण असावे.

जिल्ह्याच्या पंचविशीत गोंदियाच्या नागरिकांनी, शाळा-महाविद्यालयांनी आणि विमानतळाच्या व्यवस्थापनाने मिळून हा फलक उभारावा, अशी कळकळीची विनंती आहे. पहिल्या एकल उड्डाणाला निघालेल्या मुलाने किंवा मुलीने तो वाचावा, नोंदवहीत सही करावी आणि सुखरूप परत येऊन शेवटचा रकाना स्वतःच्या हाताने भरावा.